मिती आणि पैवस्ती

कंप्युटरवर कुठलंही फोल्डर उघडलं की प्रत्येक फाईलच्या नावापुढे एक तारीख दिसते, ‘डेट मॉडिफाईड’. फाईलमध्ये शेवटचा बदल कधी झाला ती वेळ. एरवी आपण तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही, पण “अरे, मागच्या आठवड्यात लिहिलेलं ते कुठे गेलं?” असं झालं की हीच तारीख मदतीला येते.

आता गंमत बघा. प्रोग्रामर मंडळी आपलं काम जपून ठेवायला जी सोय वापरतात, तिच्यात मात्र ही तारीख हमखास भलतीच असते. दहा वर्षांपूर्वी लिहून संपलेला, त्यानंतर कोणी हातही न लावलेला एखादा प्रोग्राम आज गिटमधून उतरवून घ्या. त्यातल्या एकूण एक फायलींवर आजची तारीख आणि आत्ताची वेळ असेल. लिहिणारा एव्हाना निवृत्त होऊन नातवंडं खेळवत असेल, पण फाईल म्हणते, मी आत्ताच जन्मले.

कामावर नवीन आलेली मुलं हा प्रश्न हटकून विचारतात: “गिट एवढं हुशार, तर मूळ तारीख का नाही ठेवत?” उत्तर एका वाक्यात देता येतं. पण त्या वाक्यामागे पन्नासएक वर्षांचा इतिहास आहे आणि तो मला फार आवडतो, म्हणून हा लेखनप्रपंच. घरच्या मंडळींनी “हे आपल्यासाठी नाही” म्हणून पान बंद करू नये. शेवटी गोष्ट घरावरच येणार आहे.

आधी दोन शब्द समजून घेऊ. ‘व्हर्जन कंट्रोल’ म्हणजे एखाद्या लेखनाच्या सगळ्या आवृत्त्या, कोणी कधी काय बदललं या नोंदींसकट सांभाळणारं कपाट. त्यातली हवी ती आवृत्ती बाहेर काढून जिथे मांडतात आणि जिथे बसून काम करतात ती ‘वर्किंग डिरेक्टरी’, म्हणजे कामाचं फोल्डर. कपाटात सगळा इतिहास, फोल्डरमध्ये एका वेळी एकच आवृत्ती. आपला प्रश्न या दोघांच्या उंबरठ्यावरचा आहे. कपाटातून फाईल बाहेर आली की तिच्यावर तारीख कोणती घालायची? लिहिली गेली ती, की बाहेर आली ती?

आपल्याकडच्या जुन्या दफ्तरांना हा प्रश्न चांगला माहीत होता. राजवाडे, खरे, सरदेसाई यांनी छापलेली पेशवाईतली पत्रं चाळली असतील तर ‘पैवस्ती’ हा शब्द भेटला असेल. पत्र लिहिणारा आपली तारीख घाले, आणि पत्र मुक्कामी पोचलं की तिथला कारकून ते कधी पोचलं याची नोंद त्यावर करी. ती पैवस्ती. लिहिल्याची तारीख, तिला आपण मिती म्हणू, आणि पोचल्याची पैवस्ती, अशा दोन तारखा एकाच कागदावर. दोन्ही असल्या की पत्र कधीचं हे तर कळतंच, पण वाटेत किती दिवस होतं, म्हणजे उत्तर देणाऱ्याला बातमी कधी कळली होती, हेही कळतं. मिती आणि पैवस्ती वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात.

कागदावर दोघींना जागा होती. कंप्युटरच्या फाईलवर त्या कामासाठी जागा एकच निघाली, आणि सगळं भांडण तिथून सुरू झालं.

ही जागा कुठून आली? आज आपण वापरतो त्या बहुतेक गोष्टींप्रमाणे हीसुद्धा युनिक्सकडे जाते. युनिक्समध्ये प्रत्येक फाईलबरोबर एक छोटी नोंद असते: मालक कोण, आकार किती, शेवटचा बदल कधी. ही शेवटची वेळ माणूस लिहीत नाही. फाईलमध्ये काही लिहिलं गेलं की खुद्द सिस्टीमच ती नोंदवते. १९७१च्या पहिल्या युनिक्स पुस्तिकेत ही वेळ १ जानेवारी १९७१पासूनच्या सेकंदाच्या साठाव्या भागांत मोजलेली आहे. ३२ बिटांच्या आकड्यात असं मोजलं तर सव्वादोन वर्षांतच आकडा भरून जातो, म्हणून पुढे सेकंद मोजायला लागले आणि सुरुवात १ जानेवारी १९७० धरली. म्हणजे जन्मापासूनच ही तारीख जरा कामचलाऊ. “बदल झाला, नोंद केली” एवढंच तिचं म्हणणं. ती पुढे कशाकशाला वापरली जाणार आहे, याचा विचार तेव्हा फारसा कोणी केला नसावा.

त्याच सुमारास, त्याच बेल लॅब्जमध्ये, १९७२ साली मार्क रॉचकाईंड यांनी एससीसीएस लिहिलं. व्हर्जन कंट्रोलचं पहिलं नावाजलेलं कपाट ते हेच. आधी आयबीएमच्या मोठ्या यंत्रावर, मग युनिक्सवर. त्यात प्रत्येक बदलाबरोबर कोणी केला, कधी केला हे कपाटातच लिहिलं जाई. म्हणजे मिती कपाटात सुरक्षित. आणि आवृत्ती बाहेर काढली की फाईल नव्याने लिहिली जाई, त्यामुळे सिस्टीम तिच्यावर आपोआप आजची तारीख घाले. म्हणजे पैवस्ती. यात कोणी काही ठरवलं होतं असं नाही, ते आपसूक झालं.

ही तारीख खऱ्या अर्थाने कामाला लागली ती १९७६ साली.

प्रोग्राम लिहिताना मूळ मजकूर माणूस लिहितो आणि त्यातून यंत्राला समजेल अशी फाईल कंपाईल करून बनवावी लागते. मोठा प्रोग्राम असला की अशा पाच-पन्नास फायली. एका मूळ फाईलमध्ये दुरुस्ती केली, पण तिच्यापासून बनणारी फाईल पुन्हा बनवायला विसरलात, तर चालणारा प्रोग्राम जुनाच राहतो. स्टीव्ह जॉन्सन हे बेल लॅब्जमधले मोठे नाव, प्रोग्रामरांच्या जगात प्रसिद्ध असलेल्या यॅकचे कर्ते. ते एके दिवशी तणतणत स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत आले. सबंध सकाळ त्यांनी एका प्रोग्राममधली चूक शोधण्यात घालवली होती, आणि चूक तर आधीच दुरुस्त केलेली होती! फक्त ती फाईल पुन्हा कंपाईल व्हायची राहिली होती. फेल्डमन यांची आदली संध्याकाळ तसल्याच भानगडीत गेली होती. दोघांच्या वैतागातून कल्पना निघाली, आधी फार गुंतागुंतीची, मग बरीच सोपी, आणि त्याच शनिवार-रविवारी ‘मेक’ नावाचा प्रोग्राम तयार झाला. पुढे २००३ साली एसीएमने फेल्डमन यांना त्यासाठी पुरस्कार दिला.

मेकची युक्ती किती साधी! कशापासून काय बनतं एवढं त्याला सांगून ठेवायचं. मग तो दोन तारखा बघतो. मूळ फाईलची तारीख बनलेल्या फाईलपेक्षा नंतरची असेल तर पुन्हा बनव, नसेल तर सोडून दे. त्याला स्वतःची वही नाही, आठवण नाही. सिस्टीम ज्या तारखा फुकटात लिहून ठेवते, त्यांचीच तुलना. पुढे १९७९च्या सातव्या युनिक्समध्ये ‘टच’ नावाची आज्ञा आली. मजकुराला हात न लावता फाईलवर आत्ताची वेळ घालायची, एवढंच तिचं काम. मेकला “ही फाईल बदलली असं समज” म्हणून सांगायला ती फार सोयीची.

आता इथे पेच पडतो, तो नीट बघू. समजा, सोमवारी मी प्रोग्राम बनवला. बनलेल्या फाईलवर सोमवारची तारीख. मंगळवारी कळलं की गेल्या महिन्यातली आवृत्तीच बरी होती. कपाटातून ती बाहेर काढली. कपाटाने प्रामाणिकपणे तिच्यावर मूळ मिती, म्हणजे गेल्या महिन्याची तारीख घातली, तर? मेक येतो, बघतो: मूळ मजकूर गेल्या महिन्यातला, बनलेली फाईल सोमवारची. म्हणजे बनलेली फाईल ताजी आहे, काही करायला नको. फोल्डरमध्ये जुना मजकूर आणि चालतोय नवा प्रोग्राम. जॉन्सन यांची ती सकाळ पुन्हा सुरू.

म्हणजे मेकला ‘हा मजकूर कधी लिहिला’ याच्याशी काही देणंघेणं नाही. ‘या फोल्डरमध्ये हा मजकूर कधी आला’ एवढंच त्याला हवं. त्याला पैवस्ती हवी. गेल्या महिन्यातलं पत्रही आज हाती पडलं की आजची बातमीच असते.

हे लक्षात घेतलं की पुढची कपाटं असं का वागली ते सहज कळतं. १९८२ साली पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची यांनी आरसीएस आणलं. तिथेही बाहेर काढलेल्या फाईलवर आजचीच तारीख. पण ज्यांना मूळ मिती हवी त्यांच्यासाठी एक वेगळा पर्याय नंतर दिला गेला, आणि त्यापुढे पुस्तिकेत इशारा: जपून वापरा, याने मेकचा गोंधळ उडू शकतो. मला हे वाक्य औषधाच्या बाटलीवरच्या सूचनेसारखं वाटतं.

त्यानंतर सीव्हीएस. ॲम्स्टरडॅमचे डिक ग्रून यांनी १९८६ साली पहिली रूपरेषा जगापुढे ठेवली, ब्रायन बर्लिनर यांनी १९८९च्या सुमारास ते सी भाषेत नव्याने लिहिलं, आणि १९९०च्या दशकात ते जगभर पसरलं. सीव्हीएसने दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे तडजोड. अख्खा प्रकल्प पहिल्यांदाच बाहेर काढला तर फायलींवर मूळ मिती, कारण अजून तिथे काहीच बनवलेलं नाही, मेक फसण्याचा प्रश्न नाही, आणि माणसाला खरी तारीख बघायला मिळते. पण नंतर दुसऱ्याने केलेला बदल आणून फाईल ताजी केली, तर तिच्यावर आजची पैवस्ती. समजूतदार सुनेने दोन्ही घरं सांभाळावी तसं.

दुसरी गोष्ट जास्त दूरगामी होती. फोल्डरमधल्या कोणत्या फायली मी बदलल्या, हे कपाटाला कसं कळणार? प्रत्येक फाईल उघडून अक्षर न् अक्षर ताडून बघणं त्या काळच्या यंत्रांवर फार मंद. म्हणून सीव्हीएस प्रत्येक फोल्डरमध्ये एक छोटी वही ठेवी: फाईलचं नाव, आवृत्ती आणि बाहेर काढली तेव्हाची तारीख. पुढच्या वेळी फाईलवरची तारीख वहीतल्या तारखेशी जुळली तर फाईलला कोणी हात लावलेला नाही असं धरायचं. म्हणजे आता त्या एकाच तारखेला तीन धनी झाले. माणसाला मिती हवी, मेकला पैवस्ती हवी, आणि खुद्द कपाटाला दाराला लावलेल्या लाखेच्या मोहरेसारखी एक खूण हवी. तारीख खरी की खोटी याच्याशी मोहरेला कर्तव्य नाही, ती फुटलेली नाही ना एवढंच बघायचं.

मोहरेच्या नोकरीने नवे घोटाळे आणले. विंडोजवर सीव्हीएस वापरणाऱ्यांना वर्षातून दोनदा एक चमत्कार दिसे. उन्हाळी वेळेसाठी घड्याळं तासभर पुढे किंवा मागे झाली की दुसऱ्या दिवशी सगळ्याच फायली बदललेल्या, म्हणून लाल रंगात दिसत! काल रात्री कोणी काही केलेलं नाही, पण विंडोजने तारखा तासभराने सरकवून दाखवल्या आणि वहीशी काही जुळेना. ‘लाल फाईल’ या नावानेच ही खोड ओळखली जाई. आपल्याकडे घड्याळं पुढेमागे होत नाहीत, त्यामुळे इथे बसून ती दिसायची ती यंत्राला अमेरिकेची वेळ लावलेली असेल तरच.

घड्याळाचा दुसरा तमाशा मेकचा. १९८०च्या दशकात सन कंपनीच्या एनएफएसमुळे फायली एका यंत्रावर आणि काम करणारा दुसऱ्या यंत्रापुढे असं सर्रास होऊ लागलं. दोन यंत्रांची घड्याळं मिनिटाने जरी पुढेमागे असली तरी ‘आधी’ आणि ‘नंतर’ याला अर्थ उरत नाही. आजही जीएनयू मेकला फाईलवर भविष्यातली तारीख दिसली तर तो तक्रार करतो की घड्याळांत तफावत आहे, काम अपुरं राहिलं असेल.

सीव्हीएसच्या जागी यावं म्हणून २००० साली सुरू झालेलं सबव्हर्जन २००४च्या फेब्रुवारीत १.० झालं. त्याने सीव्हीएसची तडजोड सोडून दिली. सरळ नियम: फाईल बाहेर आली की आजची तारीख. कोणाला मितीच हवी असेल तर सेटिंगमध्ये तशी सोय आहे, पण ती मुद्दाम चालू करावी लागते.

सबव्हर्जनची एक सवय मात्र मला अजून हसवते. तेव्हाच्या कित्येक फाईल-सिस्टीम वेळ पूर्ण सेकंदातच ठेवत, फॅट तर दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यात. आता समजा, सबव्हर्जनने फाईल बाहेर काढून वहीत तारीख नोंदवली आणि त्याच सेकंदात कुठल्या तरी प्रोग्रामने ती फाईल बदलली. तारीख तीच राहणार, मोहर शाबूत दिसणार, आणि बदल कोणाच्या लक्षातच येणार नाही. यावर उपाय काय? सबव्हर्जन आपलं काम आटोपलं की सेकंद उलटेपर्यंत चक्क थांबून राही, आणि मगच तुमच्या हाती कारभार देई. दाराला कुलूप लावून घरापासून चार पावलं गेल्यावर परत येऊन कुलूप ओढून बघणाऱ्या आमच्या काकांची आठवण येते.

आता गिट. लिनक्स कर्नलचं काम ज्या बिटकीपरमध्ये चाले त्याचा फुकट परवाना २००५ साली बंद झाला आणि लिनस टॉरवाल्ड्स यांनी त्या एप्रिलमध्ये स्वतःच गिट लिहायला घेतलं. (त्याच महिन्यात, त्याच कारणाने मॅट मॅकॉल यांनी मर्क्युरिअल सुरू केलं.) तेव्हा कर्नलमध्ये १७ हजारांवर फायली होत्या. काय बदललं हे क्षणात कळायला हवं, तर मोहरेशिवाय गत्यंतर नाही. म्हणून गिटनेही पहिल्यापासून ‘इंडेक्स’ नावाची वही ठेवली, त्यात फाईलची तारीख, आकार आणि आणखी काही खुणा. पण त्या सेकंदाच्या पेचावर गिटचा उपाय वेगळा आहे. ते थांबत नाही, संशय घेतं. फाईलची तारीख वही लिहिल्याच्या वेळेइतकी किंवा तिच्या नंतरची असेल, तर मोहरेवर भरवसा न ठेवता मजकूरच ताडून बघतं.

आणि मिती? गिटच्या कपाटात फाईलचं नाव असतं, मजकुरावरून काढलेली खूण असते, ती चालवण्याजोगी आहे का तेही असतं. फाईलची तारीख मात्र नसतेच. तारखा असतात त्या प्रत्येक नोंदीवर, आणि त्या दोन! एक लेखकाची, म्हणजे बदल कधी लिहिला ती. दुसरी नोंदणाऱ्याची, म्हणजे तो बदल या इतिहासात कधी घातला गेला ती. लिनक्समध्ये दूरदूरचे लोक बदल ईमेलने पाठवतात आणि सांभाळणारा ते सवडीने दाखल करून घेतो, म्हणून दोन्ही लागतात. शिवाय तारखेबरोबर तिथलं घड्याळही येतं. भारतातून केलेल्या नोंदीपुढे अधिक साडेपाच तास दिसतात. आता सांगा, पत्रावरची मिती आणि दफ्तरातली पैवस्ती, याहून दुसरं काय आहे हे?

म्हणजे कपाटात दोन्ही तारखा नीट सांभाळल्या जातात. फोल्डरमधल्या फाईलवर मात्र जागा एकच, आणि ती मेकला दिली गेली. यामागचा हिशेब मला पटतो. एका शाखेवरून दुसऱ्या शाखेवर जाऊन परत आलात तर गिट ज्या फायली बदलतं त्यांच्यावर ताजी तारीख बसते. मजकूर होता तसाच, तरी मेक त्या पुन्हा बनवतो आणि दहा मिनिटं वाया जातात. ही दहा मिनिटं निदान डोळ्यांना दिसतात. उलट मूळ मिती ठेवली असती, तर कधीतरी बनवायला हवी ती फाईल बनली नसती, आणि ते कोणी तुम्हाला सांगितलंही नसतं. जो तोटा दिसतो तो पत्करून, जो दिसत नाही तो टाळला.

तोटा झालेले लोक आहेतच. वेबसाईटची पानं गिटमध्ये ठेवणारे, आरसिंकने फक्त बदललेल्या फायली पाठवू पाहणारे, नव्या यंत्रावर दर वेळी सगळं पहिल्यापासून बनवावं लागणारे. त्यांच्यासाठी कपाटातला इतिहास वाचून फायलींवर जुन्या तारखा परत घालणारी साधनं निघाली. दुसरीकडे तारखेवरचा विश्वासच सोडलेली मंडळी आहेत. सीकॅश, एसकॉन्स, बेझल ही साधनं मजकुराच्या खुणेवरून ठरवतात, काय बदललं आणि काय नाही. मेकने फुकटात मिळणारी तारीख वापरली कारण १९७६ साली मजकूर ताडून बघणं महाग होतं. आता ते स्वस्त झालं आहे.

इथवर प्रोग्रामरांची गोष्ट झाली. आता घरची, कारण हे सगळं आठवायला तीच निमित्त झाली.

आमच्या आत्याच्या आठवणी माझ्या आतेबहिणीने तीन-चार वर्षं, २०२१ ते २०२४, ऐकून टाईप केल्या. एकेका प्रसंगाची एकेक फाईल. तिच्या मुलाने, म्हणजे माझ्या भाच्याने, त्या गिटमध्ये ठेवल्या. आत्या गेल्यावर आम्ही त्या नव्या लॅपटॉपवर उतरवून वाचायला बसलो. सगळ्या फायलींवर एकच तारीख. बहिणीचा चेहरा पडला, पण भाच्याने लगेच कपाटातला इतिहास काढून दाखवला. तारखा होत्या, पण त्या होत्या भाच्याने फायली आत टाकल्याच्या. दोन सुट्ट्यांत, दोन रविवारी, सगळ्या एकदम.

म्हणजे गिट जिला लेखकाची तारीख म्हणतं, ती आमच्या बाबतीत पैवस्तीच निघाली. आत्याने सांगितलं कधी, ही खरी मिती कुठल्याच यंत्राला माहीत नव्हती.

एरवी हे चालून गेलं असतं. पण गाव सोडल्याची हकिकत दोन फायलींत आहे, आणि दोन्ही जुळत नाहीत. एकीत घर सोडताना आजोबा बरोबर आहेत, ओटीवरचा झोपाळा उतरवून घेताहेत. दुसरीत ते आधीच गेलेले आहेत आणि झोपाळा तसाच टांगलेला राहिला. आत्याची आठवण शेवटच्या दिवसांत डळमळत होती, म्हणून आधी सांगितलेली कोणती हे कळायला हवं. पहिल्या फाईलच्या वरच्या ओळीत बहिणीने लिहून ठेवलंय: ‘कार्तिकी एकादशी, गुरुवार, दुपारी.’ वर्ष नाही! पण कॅलेंडरं काढून बसलो तर त्या वर्षांत कार्तिकी एकादशी गुरुवारी आली ती एकदाच, २३ नोव्हेंबर २०२३ला. दफ्तरातल्या बिनवर्षाच्या पत्राची तारीख शोधणाऱ्या अभ्यासकाला काय वाटत असेल, त्याचा थोडा अंदाज आला.

दुसऱ्या फाईलवर काहीच नाही. ती आधीची की नंतरची, हे बहिणीलाही आठवत नाही.

भाच्याने आता नियम केलाय. कोणाचंही काही ऐकून लिहिलं तर पहिल्या ओळीत कधी, कुठे, समोर कोण कोण होतं हे लिहायचं, आणि वर्ष घालायचंच. फाईलवरच्या तारखेला हात लावायचा नाही, ती मेकची आहे. आजीकडे, मामांकडे आता हीच पद्धत सुरू झाली आहे.

असो. ती दुसरी हकिकत सांगताना आत्याला मध्येच ठसका लागला आणि कोणीतरी कोकम सरबत आणून दिलं, एवढं बहिणीने कंसात टिपलंय. म्हणजे बहुतेक उन्हाळा असावा. घरच्यांपैकी ते सरबत ज्याने कोणी आणून दिलं असेल त्याने वर्ष आठवत असल्यास कृपा करून कळवावं.